हिशेब पुण्याला गेला, तो मोहन्यात मागा

आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा. चौथी-पाचवीतल्या तुमच्या मुलाला जवळ बसवा आणि दुसरीचं मराठीचं पुस्तक त्याच्या हातात द्या. त्याचं स्वतःचं जुनं पुस्तक नको, ते त्याला पाठ असतं. शेजारच्या लहानग्याचं मागून आणा. मधलंच एखादं पान उघडा, चित्रावर हात ठेवा आणि म्हणा, वाच बाळा.

मध्ये बोलू नका. ओरडू तर मुळीच नका. लागेल तेवढा वेळ घेऊ द्या. जोडाक्षर आलं की त्याची नजर पुस्तकावरून तुमच्या तोंडाकडे जाते का, ते बघा. वाक्य संपल्यावर त्यात काय सांगितलंय हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का, ते बघा. मग कागदावर 43 वजा 27 मांडा. तीनातून सात जात नाहीत, आता काय करायचं, हे त्याला कळतं का?

दहा मिनिटांचं काम आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते आजवर केलंय. टोमणा मारत नाही. आंबिवलीहून पहाटेची लोकल पकडायची, दिवसभर भिवंडीच्या गोदामात नाहीतर मुंबईतल्या कुणाच्या दुकानात उभं राहायचं, घरी येऊन पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा. यात पुस्तक उघडून बसायला कुणाला सवड आहे? पोरगं शाळेत जातं, वह्या भरतात, दरवर्षी वरच्या वर्गात बसतं. म्हणजे शिकत असणार, असं आपण धरून चालतो. तसं धरून चालायचे दिवस संपलेत. आजच बघा.

कारण एप्रिल जवळ आलाय.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आठवीपर्यंत कुणाही मुलाला मागे ठेवायचं नाही, असं त्यात होतं. हेतू चांगला होता. नापासाचा शिक्का बसला की गरिबाचं मूल शाळा सोडतं, ते थांबवायचं होतं. मात्र नापास करायचं नाही म्हणजे रोज बघायचं, कुठे अडलं ते शोधायचं, त्या मुलासाठी जादा वेळ काढायचा, हा त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग होता. तो बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिला. 2019 साली संसदेने कायदा बदलला, आणि 2023-24 या वर्षापासून महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. पस्तीस टक्के गुण हवेत. कमी पडले तर शाळेने जादा शिकवायचं आणि जूनमध्ये पुन्हा परीक्षा घ्यायची. तीही हुकली तर मूल त्याच वर्गात. शाळेतून मात्र कुणाला काढता येणार नाही. एवढं लक्षात ठेवा आणि कुणी तसं सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा.

आता जरा विचार करा. पोरगी पहिलीत गेली, दुसरीत गेली, तिसरी, चौथी झाली. तिला वाचता येत नाही हे कुणी तुमच्या कानावर घातलं नाही. पाचवीत परीक्षा झाली आणि निकाल लागला. नापास कोण झालं? शाळा झाली का? शिक्षण विभाग झाला का? नाही. नापास झाली ती दहा वर्षांची पोर. चार वर्षांची सगळ्यांची चूक तिच्या एकटीच्या नावावर मांडली गेली. पुढे काय होतं ते तुम्हीच वस्तीत पाहिलं आहे. मुलगा असेल तर गॅरेजवर जायला लागतो. मुलगी असेल तर धाकट्या भावाला सांभाळायला घरीच बरी पडते. कुणी तिला शाळा सोड म्हणत नाही. ती हळूहळू जायची थांबते.

हे तुमच्या घरात होऊ देऊ नका. शेजारच्या घरातही होऊ देऊ नका.

आपल्या मोहने गावाला वाचता न येण्याची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. एनआरसी कंपनी चालू होती तेव्हा सातवी नापास माणूसही गेटमधून आत गेला की त्याचं घर उभं राहायचं. कॉलनीत क्वार्टर, महिन्याच्या महिन्याला पगार. त्या पगारावर इथल्या अनेकांच्या बहिणींची लग्नं झाली, गावाकडची घरं बांधून निघाली. 2009 साली कंपनीला टाळं लागलं. तेव्हापासून कमी शिकलेल्याला आत घेणारं तसं गेट आपल्या गावात राहिलेलं नाही. आज पार्सल पोचवणाऱ्या पोराला मोबाइलवर पत्ता वाचावा लागतो, गोदामात माल उचलणाऱ्याला यादी वाचावी लागते, घरकामाला जाणाऱ्या ताईला बँकेतून आलेला मेसेज वाचावा लागतो. नाहीतर कुणीतरी फसवतो. वाचता न येणाऱ्या पोराला उद्याचं मोहने सांभाळून घेणार नाही.

आणि आणखी एक गोष्ट आठवा. कंपनीकडे देणी थकली तेव्हा तुम्ही गप्प बसला नाहीत. पगाराच्या पावत्या जपल्या. सभा घेतल्या, मोर्चे काढले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हक्काचा हिशेब कसा मागायचा, हे या गावाला येतं. मग पोराच्या वाचनाचा हिशेब मागायला संकोच का? तोही हक्काचाच आहे.

सरकार मोजत नाही असं म्हणाल तर तसं नाही. इतकं मोजतं की शिकवायला वेळ कधी मिळतो, असा प्रश्न पडावा. 4 डिसेंबर 2024 ला देशभर ‘परख’ सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी आणि नववी हे वर्ग, 781 जिल्हे, सुमारे 74 हजार शाळा आणि 21 लाखांहून अधिक मुलं. निकाल पुढच्या वर्षी जुलैत आला. तिसरीतल्या 55 टक्के मुलांनाच 99 पर्यंतचे आकडे लहान-मोठे असे क्रमाने लावता आले. सहावीतल्या 53 टक्क्यांनाच दहापर्यंतचे पाढे नीट येत होते. म्हणजे बाकावर शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला येतं आणि एकाला येत नाही. तुमचं मूल बाकाच्या कुठल्या बाजूला बसतं? ते सर्वेक्षण सांगणार नाही. त्यात निवडक शाळा असतात. उत्तर जिल्ह्याचं आणि राज्याचं मिळतं, तुमच्या शाळेचं मिळत नाही.

दुसरी पाहणी ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होते, ‘असर’ नावाची. तिची पद्धत मला मनापासून आवडते. मुलांचं वाचन तपासायला कार्यकर्ते शाळेत जात नाहीत, घरी जातात. दारातच मुलाला एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मुलाने वाचायचं आणि आई-बापाने शेजारी बसून ऐकायचं. लपवालपवी नाही. 2024 च्या पाहणीत देशातल्या सरकारी शाळांत पाचवीला असलेल्या शंभरातल्या पंचेचाळीसच मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. मात्र ही पाहणी ग्रामीण भागात होते. आपण पडलो कल्याण-डोंबिवली महापालिकेत. चालीरीतीने गाव, कागदोपत्री शहर. त्यामुळे ते कार्यकर्ते आपल्या दारात येत नाहीत.

मग आपल्या शाळेबद्दल कुणाला माहीत आहे? आहे ना. शाळेलाच माहीत आहे. 2023-24 पासून राज्यात नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते. शिक्षक तिला ‘पॅट’ म्हणतात. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या स्टार्स प्रकल्पाखाली ती सुरू झाली. सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून तीनदा होते. आधी पायाभूत, मग संकलित एक आणि एप्रिलमध्ये संकलित दोन. भाषा, गणित, इंग्रजी. पेपर तपासून झाले की शिक्षक गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटवर भरतात आणि ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जाऊन पडतात. तिथे त्यांचे तक्ते होतात, रंगीत आलेख होतात. साहेब लोकांच्या बैठकीत ते पडद्यावर दिसतात. तुमच्या घरी काय आलं? त्या चाचणीत तुमच्या मुलाला कोणता प्रश्न जमला नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बहुतेक पालकांना अशी चाचणी होते हेच माहीत नसतं.

मीटर बसवलं म्हणून नळाला पाणी येत नाही, हे कल्याण-डोंबिवलीकरांना कुणी शिकवायला नको.

म्हणून विचारा. उद्याच विचारा. शाळेत जा, वर्गशिक्षकांना भेटा आणि आदराने म्हणा, “बाई, पॅटमध्ये माझ्या मुलाचं काय झालं? कुठे अडतोय?” हा उपकार मागणं नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांची कामं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासून गरज असेल तिथे जादा शिकवणं आणि पालकांना नियमित भेटून हजेरी, प्रगती सांगणं, ही दोन्ही कामं त्यात आहेत. नुसते गुण घेऊन परत येऊ नका. वीसपैकी नऊ यातून काहीच कळत नाही. जोडाक्षरं अडतात की अर्थ लागत नाही? वजाबाकी अडते की शाब्दिक उदाहरणच वाचता येत नाही? असं खोलात विचारा. चांगल्या शिक्षकाला असा पालक भेटला की बरं वाटतं.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. तुम्ही हिशेब मागायला लागलात की काही जण म्हणतील, मग सरळ निकालावर शाळेची किंमत ठरवा. ज्या शाळेचे गुण कमी, तिचे पैसे कापा, तिच्या शिक्षकांना शिक्षा करा. ऐकायला बरं वाटतं. त्यात पडू नका.

हा प्रयोग आपल्याच इलाख्यात होऊन गेलाय. इंग्लंडात 1862 पासून निकाल बघून शाळांना पैसे द्यायची पद्धत होती, आणि मुंबई इलाख्यातही अनुदान निकालावर मिळायचं. 19 ऑक्टोबर 1882 ला महात्मा जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी साफ सांगितलं की गरीब, अडाणी ठेवलेल्या लोकांच्या शिक्षणाला ही निकालाची पद्धत लागू पडत नाही. तिच्यावर पोट भरत नसेल तर अशा वस्तीत शाळा काढायला कोण येईल, हा त्यांचा सवाल होता. त्याच निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणि मास्तरांना नीट पगार मागितला. ज्या मुलांना शिकवणं सगळ्यांत अवघड, त्यांना शिकवणाऱ्यालाच या पद्धतीत सगळ्यांत कमी मिळतं, हे जोतीरावांना तेव्हा दिसलं होतं. तिकडे इंग्लंडात मुलं वाचनाचं पुस्तकच तोंडपाठ करायला लागली. शतक संपायच्या आत ती पद्धत त्यांनी सोडून दिली.

तरी एकविसाव्या शतकात अमेरिकेने तेच पुन्हा केलं. 2002 साली तिथे कायदा झाला: दरवर्षी चाचणी, आणि 2014 पर्यंत प्रत्येक मूल पातळीवर आलंच पाहिजे. न आल्यास शाळेवर कारवाई. परिणाम काय झाला? अटलांटा शहरात 2011 साली चौकशी झाली. 44 शाळांतल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांचा गैरप्रकारात हात असल्याचं अहवालात निघालं. मुलांच्या उत्तरपत्रिकेवरची चुकीची खूण खोडायची आणि बरोबर खूण करायची. 2015 मध्ये अकरा जणांवर गुन्हा शाबीत झाला. त्याच वर्षी डिसेंबरात तो कायदाही बदलला. ज्या मुलांना येत नव्हतं त्यांच्या नावापुढे ‘येतं’ असं लागलं, आणि त्यामुळे जादा शिकवणीची मदत त्यांना मिळालीच नाही. सगळ्यांत जास्त तीच लुटली गेली.

आपल्याकडे असं होणार नाही, अशा भ्रमात राहू नका. महाराष्ट्रात 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत सगळ्या शाळांची एकदम पटपडताळणी झाली होती. हजेरीपटावर नावं होती, वर्गात मुलं नव्हती. लाखांच्या घरात! आकड्यावर पैसा लटकला की आकडा फुगतो. चाचणीचंही तसंच होईल. म्हणून एक गोष्ट आत्ताच ठरवा. चाचणीच्या दिवशी “याला आज नाही पाठवलं तरी चालेल” असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी त्याला मुद्दाम पाठवा. आंघोळ घालून, डबा देऊन, वेळेवर पाठवा. प्रश्नपत्रिका आधीच मोबाइलवर फिरत आली तर ती पोराला दाखवू नका. पुढेही पाठवू नका. त्याला काय येत नाही हे खरंखरं कळणं, यातच त्याचं भलं आहे. खोट्या गुणांनी फक्त आलेख सुधारतो.

मग कळल्यावर करायचं काय? घाबरू नका. इतक्या उशिरा कळलं म्हणून पोर वाया गेलं, असं अजिबात नाही. हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी म्हणत नाही, हे आपल्या शेजारीच सिद्ध झालंय. या शतकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच तरुण मुली, फार शिकलेल्या नाहीत, थोडंसं प्रशिक्षण घेतलेल्या. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोनेक तास बाजूला घेऊन बसायच्या. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची. चौथीतल्याला अक्षरं येत नसतील तर अक्षरांपासून. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सगळ्यांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. याच धाटणीच्या कामासाठी त्या दोघांना, मायकल क्रेमर यांच्याबरोबर, 2019 साली नोबेल मिळालं. काम कुणाचं होतं? वस्तीतल्या मुलींचं.

मोहन्यात बारावी झालेल्या, लग्नानंतर घरी बसलेल्या किती ताई आहेत? कॉलेजला जाणारी किती पोरं आहेत, कंपनीतून रिकामे झालेले पण वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे किती काका आहेत? तुम्हालाच म्हणतोय. संध्याकाळी एक तास द्या. मंदिराचा ओटा चालेल, बुद्धविहार चालेल, मंडळाची खोली चालेल, तुमची पडवी तर उत्तमच. पाच मुलं घ्या, जास्त नको. वर्ग पाचवीचा म्हणून पाचवीचं पुस्तक घेऊन बसू नका. वाचता येत नाही ना, मग बाराखडी, मग साधे शब्द, मग दुकानांच्या पाट्या, मग छोटी गोष्ट. मोठ्याने वाचून घ्या. रोज. फी घेऊ नका आणि गुणांची भीती घालू नका. फेब्रुवारी-मार्चचे हे दिवस हातात आहेत. पोर वाचायला लागायला तेवढे पुष्कळ झाले.

आता मोठं काम. आणि यात तुमच्यावाचून कुणी काही करू शकत नाही.

महापालिकेची शाळा असो की अनुदानित, तिथे शाळा व्यवस्थापन समिती असतेच. कायद्यानेच असते, कलम 21. तिच्यात पंचाहत्तर टक्के माणसं पालक हवीत, निम्म्या बायका हव्यात आणि दुर्बल घटकांतल्या मुलांचे पालक हवेत. अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. दर दोन वर्षांनी नवी समिती, दर महिन्याला बैठक. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कुठे गेला ते बघायचं. महापालिकेच्या शाळेत एवढा अधिकार कायद्याने तुमच्या हातात दिलाय; अनुदानित शाळेत समिती फक्त सल्ला देऊ शकते, पण प्रश्न तिथेही विचारता येतोच. प्रत्यक्षात काय होतं? समितीत आपलं नाव आहे हे काही आयांना ठाऊकच नसतं. वहीवर सही घ्यायला कुणी घरी येतं, आपण हात पुसून सही करतो. कशावर केली, ते विचारत नाही.

आजपासून विचारा. समितीत जे कोणी आहेत त्यांची नावं शाळेच्या फलकावर लावायला सांगा. पुढची बैठक कधी, ते विचारा. आणि बैठकीत एकच विषय घ्यायला लावा. बाकी रंगरंगोटी, गेट, स्नेहसंमेलन राहू द्या बाजूला. विषय असा: दुसरी ते पाचवी, प्रत्येक वर्गात किती मुलं आहेत, त्यातल्या किती जणांना दुसरीचं पान वाचता येतं, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी जूनच्या आत शाळा काय करणार. मुलांची नावं सभेत वाचायची नाहीत. पोरांची अब्रू पोरांचीच असते. फक्त आकडा, आणि त्यापुढे उपाय. हा आकडा इतिवृत्तात लिहून घ्या. तीन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा विचारा. केंद्राने निपुण भारत मोहीम 5 जुलै 2021 ला सुरू केली, तेव्हा 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचता आणि आकडेमोड करता आली पाहिजे, असं ठरवलं होतं. ते साल येऊन ठेपलंय. मोहन्यातल्या शाळेत त्याचं काय झालं, हे मोहन्याने विचारायचं नाही तर कुणी?

एक मात्र सांभाळा. गुरुजींना फैलावर घेऊ नका. वर्गात चाळीस मुलं, त्यातली काही मराठीत बोलणारी, काही घरी हिंदीत, काही तेलुगूत. मध्येच मतदारयाद्यांचं काम, मध्येच कुठली तरी ऑनलाइन माहिती भरा म्हणून आलेला आदेश. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये, असं कलम 27 सांगतं. पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, तेही कायद्यातच आहे. जागा रिकामी असेल, किंवा एकच बाई दोन वर्ग सांभाळत असतील, तर तुमची तक्रार बाईंबद्दल नको, बाईंच्या बाजूने हवी. नगरसेवकाकडे जा, महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा. जाब वर विचारा, खाली नाही. जबाबदारी म्हणजे खालच्याला दम देणं, अशी एक सोयीची समजूत आपल्याकडे आहे. ती शाळेच्या दारात तरी सोडून या.

खासगी इंग्रजी शाळेत फी भरणाऱ्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. विनाअनुदानित शाळेला ही पॅट नाही आणि कायद्यातली ती समितीही नाही. पण पालक-शिक्षक संघ आहे. तिथे फक्त फीवर भांडू नका. तुमच्या मुलीला घरी बसवा, इंग्रजी धडा वाचायला सांगा आणि मग त्यातलं काय समजलं ते मराठीत विचारा. खाडखाड वाचते आणि अर्थ विचारला की गप्प होते? मग तिच्यात आणि पालिका शाळेतल्या न वाचणाऱ्या पोरात फरक फक्त गणवेशाचा आहे. स्नेहसंमेलनाची वर्गणी देण्याआधी हे विचारा.

मे महिन्यात गावी जाल. कोकणात, खानदेशात, मुरबाड-शहापूरकडे, कुणी उत्तरेत. जा, आंबे खाऊ द्या पोरांना. पण ज्याची जूनची फेरपरीक्षा आहे त्याच्या पिशवीत एक पुस्तक टाका आणि आजीला रोज एक पान ऐकवायला सांगा. आजीला वाचता येत नसेल तर अधिकच चांगलं. ती गोष्ट ऐकायला बसेल, चुका काढणार नाही. आणि निघण्याआधी शाळेत विचारून जा: जादा तास कधी, फेरपरीक्षा कोणत्या तारखेला. तारीख हुकली म्हणून पोराचं वर्ष गेलं, असं होता कामा नये.

शाळेने उत्तर दिलं तर आभार माना, मदतीला उभे राहा. उत्तर नाही मिळालं तर लिहून द्या. साध्या कागदावर, स्वतःच्या भाषेत, चार ओळी. माझं मूल अमुक वर्गात आहे, त्याला वाचता येत नाही, शाळेने काय उपाय केला ते मला लेखी सांगा. कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे महापालिकेकडे, अशी तक्रार करता येते आणि त्यांनी ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. म्हणजे आत्ता दिलात तर पुढच्या वर्गाची पुस्तकं येईपर्यंत उत्तर मिळायला हवं. एकट्याने जाऊ नका. वर्गातल्या पाच-सहा पालकांनी मिळून जा, त्यात आया जास्त असू द्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एक तिथे द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. ती पावती पगाराच्या पावत्यांसारखी जपा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या नववीतल्या पोरीकडून लिहून घ्या, आणि सही करण्याआधी तिला ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.